दारातल्या भेटी

“तीन आठवडे ही बाई कुणाच्याच घरी गेलेली नाही,” मॅनेजर शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. मीटिंग सुरू व्हायची होती आणि तिचा माइक चालू राहिला होता.

लॉकडाउनचे दिवस होते. परदेशात, मॉसन लेक्स या उपनगरातल्या माझ्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कॅमेरा बंद करून मी बसले होते. आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे मदतनीस पाठवणाऱ्या एका संस्थेसाठी सॉफ्टवेअर करायची. मदतनीस फोनवर भेटीची नोंद करत, त्यावरून रिपोर्ट निघे. त्यातले आकडे बरोबर आहेत ना, हे तपासणं माझं काम. मॅनेजर म्हणत होती त्या मदतनीस बाईच्या नावापुढे शून्य होतं. संस्था तिला काढणार होती. आमच्याकडून ‘रिपोर्ट बरोबर आहे’ एवढंच हवं होतं.

मी मूळ नोंदी उघडल्या. आम्ही आकडे जुळवतो, खालचा शेरा कुणी वाचत नाही. त्या दिवशी मी वाचला.

‘आजी आत, मी पायरीवर. खिडकीतून गप्पा.’

‘मध्ये काच ठेवून चहा प्यायलो. तिने तिचा, मी माझा.’

‘आज खिडकीशी येताना तिने लिपस्टिक लावली होती.’

रोजची एक नोंद होती, एकही दिवस चुकलेला नव्हता.

घरात जायला मनाई झाल्यावर आम्ही फोनवर ‘दारातली भेट’ असा नवा पर्याय दिला होता. रिपोर्ट मात्र ‘घरातली भेट’ तेवढीच मोजत होता. बाकीच्या मदतनीस सवयीने जुनाच पर्याय निवडत होत्या. ही एकटी खरं लिहीत होती.

तो पर्याय मीच तपासला होता. फोनवर दिसतो, नोंद सेव्ह होते, एवढं पाहिलं. रिपोर्ट तपासायला मात्र चाचणीसाठी बनवलेल्या माझ्या जुन्याच दहा खोट्या भेटी वापरल्या, सगळ्या घरातल्या. बेरीज जुळली आणि मी ‘पास’ लिहून मोकळी झाले.

टीममधल्या पुण्याच्या मुलाला मी चॅटवर हे कळवलं.

“मग बोल की,” त्याचं उत्तर आलं. “वर्ष झालं, तुझा आवाज कसा आहे ते कुणाला माहीत नाही.”

‘तू सांगशील?’ असं मी टाइप केलं आणि पुसलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, तरी मीटिंगमध्ये माझं इंग्रजी ओठांशी येऊन थांबायचं. चूक कबूल करायची तर मराठीही थांबली असती.

“तर रिपोर्ट बरोबर धरायचा ना?” मॅनेजरने विचारलं.

लिपस्टिक लावून खिडकीशी आलेली ती आजी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. उद्या तिच्या पायरीवर कोण बसणार होतं?

मी माइक चालू केला.

“नाही,” मी म्हणाले. “ती रोज गेली आहे. तपासताना मी चुकले.”