नवमीच्या पूजेतली डबी

मी अमरावतीत शाळेत गणित शिकवते, पण माझ्या पोटाला जोडलेलं यंत्र चालतं कसं, ते गणित मला आजही पुरतं उमगलेलं नाही. अकराव्या वर्षी मला मधुमेह झाला, तोही असा की शरीर इन्सुलिन बनवतच नाही. पुढची कित्येक वर्षं सुया टोचण्यात गेली. मग कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी लिहून ठेवलेल्या सूचना वाचत, इन्सुलिनचा एक जुना वापरलेला पंप मिळवून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी ही जुळवाजुळव केली. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी फोनला साखर कळवतो, किती इन्सुलिन द्यायचं ते फोन ठरवतो आणि काडेपेटीएवढी एक डबी त्याचा हुकूम पंपापर्यंत पोचवते. डॉक्टर म्हणाले, आकडे छान आहेत, पण हे मी कागदावर लिहून देऊ शकत नाही. म्हणजे वापरू की नको, असं विचारलं तर नुसते हसले.

माझं माहेर अकोल्याजवळ. फुलांचा नि भाजीचा मळा आहे आणि घर मळ्यातच. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडायला माणसं कमी पडतात, म्हणून मी दर वर्षी जाते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, जठारपेठेत फुलं विकायला नेतात तो तराजू, सगळं धुऊन पुसून ओसरीवर रांगेत मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. फुलं तर हातानंच तोडतात. त्यामुळे अवजारांना सुट्टी आणि माणसांना मरमर, असं म्हणून मी लहानपणापासून बाबांना चिडवत आलेय.

त्या नवमीला डबी ओसरीवर चार्जिंगला लावली होती. सकाळी निघताना तिथंच उभं राहून मी फोनला सांगितलं, आज अंगमेहनत आहे, इन्सुलिन कमी कर. पंपाची पिशवी कमरेला होतीच. डबीही तिच्यातच आहे असं मी धरून चालले, कारण ती रोज तिथंच असते. डबी दूर राहिली की पंप अर्ध्या तासात आपल्या नेहमीच्या मात्रेवर परत येतो, कमी करायचा हुकूम विसरतो. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

दोन तास वाकून तोडणी चालली होती. फोन वाजला. साखर उतरत होती. मी आवाज बंद केला. डबी आहे ना, ती बघून घेईल. तो पुन्हा वाजला, मी पुन्हा बंद केला. नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टोपली खूप जड वाटायला लागली. ही फुलं आपण चुकून तोडली, ती ज्याची त्याला परत केली पाहिजेत, असं काहीतरी मनात आलं. मी एकेका झाडाच्या बुडाशी मोजून पाच-पाच फुलं ठेवत निघाले. अगदी शहाण्यासारखं काम चाललंय असं वाटत होतं. आई शेजारच्या ओळीतून धावत आली तेव्हा मी तिच्यावर भयंकर रागावले, कारण तिच्यामुळे माझी मोजणी चुकली.

आईनं वाद घातला नाही. मी अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या पदराच्या गाठीत साखरेची पुडी असते. ती तिनं माझ्या तोंडात ओतली आणि मला बांधावर बसवलं. पाव तासानं जग जागेवर आलं. पिशवीत हात घातला तर पंप होता, डबी नव्हती. आईच्या खांद्याला धरून मी घरी आले.

डबी ओसरीवर होती, फवारणीच्या पंपाच्या आणि तराजूच्या मधोमध. तिच्यावर हळद, कुंकू आणि झेंडूचं एक टपोरं फूल. चार्जरची वायरसुद्धा नीट गुंडाळून शेजारी ठेवली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर तेच कळेना. बाबांनी डबी पूजेत मांडली, पण ती विसरून गेले मी. फोन दोनदा वाजला आणि मीच गप्प केला. बाबांनी माझा चेहरा पाहिला, आईकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"वर्षभर तुह्यासाठी राबते ना बाई ते. म्हटलं, एक दिवस त्याले आराम देऊ."

मी त्यांना सांगितलं की त्याला आराम नसतो, एक दिवस काय, एक तासही नाही. सांगताना रडू यायला लागलं, कारण आपण डबीबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल, ते माझं मलाच कळेना. बाबा डबी उचलायला वाकले. पूजेतलं अवजार त्यांनी आयुष्यात कधी मधेच उचललं नव्हतं. हात अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी विचारलं, ही डबी जवळ असली म्हणजे झालं ना? मी हो म्हटलं. त्यांनी तराजू रांगेतच थोडा बाजूला सरकवला, पाट आणून मधे ठेवला आणि मला म्हणाले, "बस."

मी बसले. फोनवरचं लाल वर्तुळ काही वेळानं हिरवं झालं, म्हणजे डबीचा नि पंपाचा संपर्क पुन्हा जुळला. बाबांनी पूजेचं ताट उचललं, डबीला लावलं होतं तसंच माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि डोक्यावर एक फूल ठेवलं. एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, अशी मी बसून राहिले. मळ्यात झेंडू तसाच उभा होता, आई एकटीच तोडायला परत चालली होती. मी उठायला लागले तर बाबांनी खांद्यावर हात ठेवला.

"तुही पूजा झाली आता. उद्या सकाळपरेंत हालायचं नाई."