तांबड्या रेघेखालची सही

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नुकताच शिकवायला लागलो होतो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावच्या गुरुजींनी हट्टानं शिकवलं म्हणून इथवर आलेलो. वरिष्ठांपुढे आवाज चढवायची सवय नव्हती.

परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रकल्प ठरला. आराखडे वर्षभर टपालानं आले-गेले, मग तिकडची चार मुलं तीन आठवड्यांसाठी आली. मुळशी धरणाजवळच्या एका वाडीत, विजेशिवाय ओढ्याचं पाणी वर चढवणारा पंप बसवायचा होता. 'सांघिक कामाचे शिक्षण' हा उद्देश कागदावर अगदी वर छापलेला.

पाइप जड, चढ निसरडा. दोन दिवसांत सगळे थकले. आमचा एक विद्यार्थी त्याच वाडीचा. त्याच्याही घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. त्यानं इर्जिक घातली. एकाच्या कामाला सगळे येतात आणि ज्याचं काम तो जेवू घालतो, तशी. सोळा माणसं आली. पाहुणी मुलंही त्यांच्या रांगेत लागली. त्याच्या आईनं सगळ्यांना भात-आमटी वाढली. पाणी चढलं.

मार्क मात्र 'मी काय केले' या तक्त्यावर होते. पाहुण्यांनी पानभर लिहिलं. त्यांचा दोष नाही, विचारलंच तसं होतं. वाडीच्या आमच्या मुलानं एकच ओळ लिहिली: पाइप आम्ही चढवले.

विभागप्रमुखांनी शून्य दिलं. म्हणजे नापास, म्हणजे वर्ष गेलं. मी भांडायला गेलो, तर ते हसत म्हणाले, "अहो मास्तर, हा 'आम्ही' कुठल्या रोल नंबरचा?" उद्यापर्यंत नीट लिहून आणा, म्हणाले.

मी मुलाला समजावलं, 'मी' लिही.

"सर, त्यो पाइप माझ्या एकट्याचा न्हाई. वाडीत तोंड कसं दावू?"

शेवटी त्यानं दोन वाक्यं लिहिली. मी सोळा माणसं बोलावली. पाइप आम्ही सगळ्यांनी चढवले.

प्रमुखांनी दुसऱ्या वाक्यावर तांबडी रेघ ओढली, पास होण्यापुरते मार्क दिले आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. सांघिक काम शिकवायला निघालेल्या आम्हाला त्या प्रकल्पातलं एकमेव सांघिक वाक्य सहन झालं नाही. आजही आठवलं की डोकं तापतं. प्रमुखांवर तापतंच, पण त्या रेघेखाली मार्गदर्शक म्हणून सही माझी आहे.