सलीमभाऊ आणि माझी रखडणारी गाडी

सलीमभाऊंच्या दुकानात कोणी टेबलफॅन घेऊन जावो की जुना रेडिओ, पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. ते वस्तू चालू करत, डोळे मिटत आणि कान तिच्याजवळ नेत. मध्येच कोणी बोललं की हात वर. "चूप! थे बोलून राह्यलं. तुमचं मंग आयकतो."

आमच्या सावली गावच्या बसस्टँडमागे त्यांचं टीचभर दुकान होतं. सुरुवात रेडिओपासून, मग टीव्ही, मग मोबाइल, आणि साठी जवळ आल्यावर लॅपटॉप. शिकलात कुठे असं विचारलं की म्हणत, "मशीननंच शिकवलं. थे बिघडलंच नसतं तं मी अडानी राह्यलो असतो." खोललेले स्क्रू ते आईच्या पितळी पानदानात ठेवत. सुपारीच्या खणात झाकणाचे, लवंगेच्या खणात आतले बारीक. काम संपल्यावर एक स्क्रू कधी उरला नाही हो! मी शिवणकाम करणारी बाई, पण माझ्या बटणांच्या डब्यात अशी शिस्त मला जन्मात जमली नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती गेमपायी. हो, गेमपायी. हसू नका. मुलाची बदली झाली, तो बायको-पोरीला घेऊन बंगळुरूला गेला आणि त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे राहिला. नात रेवती तेव्हा नऊ वर्षांची. फोनवर ती काय बोलणार माझ्याशी? "जेवलीस का गं?" "हो." "अभ्यास?" "हो." झालं. मग तिनंच मला गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम शिकवला. ती तिकडून, मी इकडून, दर रविवारी सकाळी दहाला. गाडी पळवता पळवता पोरगी आपोआप बोलायची. वर्गात कोण रुसलं, बाबांना आई कशावरून रागावली, सगळं. त्या एका तासात मला आठवडाभराची नात मिळायची.

दिवाळीनंतर माझी गाडी रखडायला लागली. पहिली दहा मिनिटं ठीक, मग चित्र अडकायचं. मी वळण घेतलं तरी गाडी आधी झाडात शिरायची आणि मग वळायची. रेवती बिचारी पुढे थांबून माझी वाट बघायची. एका रविवारी म्हणाली, "आजी, राहू दे ना आता. मी मैत्रिणींसोबत खेळू का?" खेळ बाळा, म्हटलं. लॅपटॉप मिटला आणि मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.

जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, नवीन घ्या. सलीमभाऊंनी मात्र कान लावला. "पंखा धापा टाकून राह्यला, बाई." खोलून बघतात तर काय, आमच्या घरामागच्या राइस मिलचा कोंडा आत जाळीवर साचून त्याची चक्क गादी झालेली! त्यांनी पंख्याचं पातं काडीनं अडवलं आणि ब्रशनं, मध्येच फुंकर मारत, एकेक फट साफ केली. काडी कशाला, मी विचारलं. "मोकळा सोडला तं फुंकरीनं गरगर फिरते, अन् आनखी बिघडते."

मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "खेळा."

"इथे? लोकांसमोर?"

"मंग? डॉक्टरसमोर खोकत नाई का?"

खेळले बाई. दोन गिऱ्हाइकं मागे उभी. एकाच्या कडेवर मिक्सर, आणि तोच ओरडतोय, "आजी, डावीकडे घ्या, डावीकडे!" गाडी लोण्यासारखी चालली. मी खुशीत घरी आले.

रविवारी पुन्हा तेच. दहा मिनिटं झाली आणि गाडी झाडात. सोमवारी मी तणतणत दुकानात. सलीमभाऊ जरासुद्धा चिडले नाहीत. त्यांनी मला पुन्हा खेळायला बसवलं, चांगलं अर्धा तास. एकदा चार्जर लावून, एकदा काढून. मी म्हटलं, सगळं एकदमच बदलून टाका ना. तर म्हणाले, "एका येळी एकच गोष्ट, बाई. दोन बदलवल्या तं कोनतीनं बरं वाटलं थे कसं समजन? घरी चार्जर लावता?"

"लावते."

"खेळताना नातीचा आवाज तुटते का?"

"नाही, तो चांगला येतो."

"मंग नेटवर मले शंका नाई. इथी पळते, घरी थकते. म्हंजे बिमारी घरी हाय. रविवारी येतो."

रेवतीला मी कसंबसं एका डावासाठी कबूल केलं होतं. साडेनऊला सलीमभाऊ सायकलवरून आले, चहाला नको म्हणाले आणि लॅपटॉपसमोर बसले. बसले ते बघतच राहिले.

आता आमच्या घरात फ्रिजला झालर आहे, मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीलाही आहे. मग लॅपटॉपनेच काय पाप केलं होतं? दिवाळीत मी त्याला मखमलीचं कव्हर शिवलं होतं. आतून कापसाचं अस्तर, वर मोर, बटणांपुरती आणि पडद्यापुरती खिडकी. खेळतानासुद्धा काढायची गरज नाही, अशी सोय! दुकानात नेताना मळू नये म्हणून तेवढं घरी ठेवून जात होते.

सलीमभाऊंनी कव्हरखाली हात घालून पाहिला. "हे कोनं शिवलं?"

"मी," म्हटलं. मला तेव्हाच उमगलं होतं. कुठे तोंड लपवू असं झालं.

"हात लय साफ हाय तुमचा," ते म्हणाले. मग हळूच, "पन बाई, वैशाखात तुमाले स्वेटर घालून बसस्टँडपर्यंत पळवलं तं?"

त्यांनी एक टाका न ओढता कव्हर काढलं, घडी करून माझ्या हातात दिलं. "झोपताना पांघरूण घाला. पळताना नाई." मागच्या बाजूला, खालून हवा लागावी म्हणून, बाटलीची दोन झाकणं टेकवली.

दहा वाजले. डाव सुरू झाला. सलीमभाऊ शेजारी उभे, पालथा हात लॅपटॉपला लावून, तापलेल्या लेकराला लावावा तसा. दहा मिनिटं गेली. वीस गेली. गाडी थांबेना!

"आजी, तुझी अडकत नाहीये!" रेवती तिकडून ओरडली. "मग मी आता थांबणार नाही हं!" आणि गेली की भुर्रकन. एकामागून एक चार शर्यती हरले मी. पाचवीच्या आधी ती म्हणाली, "आजी, पुढच्या रविवारी पण दहालाच ना?" माझ्या डोळ्यांत पाणी.

सलीमभाऊ दाराकडे निघाले. "मशीन ठीक हाय, बाई. आता खराबी चालवनाऱ्यात हाय. थे दुरुस्त करनं माह्या हातचं नाई."

पुढे त्यांच्या डोळ्यांना बारीक स्क्रू दिसेनात. लेकीने नागपूरला नेलं, दुकान बंद झालं. सावलीतले पंखे अजून बिघडतात, पण त्यांचं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. रेवती आता तेराव्यात आहे. रविवारचे दहा अजून आमचे आहेत, आणि हरणं अजून माझं.

मागच्या महिन्यात मात्र मी जिंकले. पहिल्यांदा, धडधडीत, पूर्ण एका वळणाने! आनंदात पहिला फोन नागपूरला लावला. "सलीमभाऊ, आज मी नातीला हरवलं!"

पलीकडे ते नेहमीसारखे डोळे मिटून कान लावून बसले असावेत.

"बाई," ते काळजीने म्हणाले, "पोरीचा लॅपटॉप पाहून घ्या कोनाले तरी. गरम होऊन राह्यला असन."