सहसम्राटाचं एक वाक्य

कॉलेजच्या एकांकिकेत मला चक्क राजपद मिळालं होतं! कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा मुलगा. आपल्यामागे गादीवरून भांडणं नकोत म्हणून बापाने याला सातव्या वर्षीच मुकुट घालून सहसम्राट केलेलं. नाण्यावर बापाशेजारी याचा चेहरा, दरबारात बापाशेजारी याची खुर्ची, आणि अधिकार शून्य. संहिता वाचली त्याच दिवशी हा पोरगा मला जाम आवडला.

संवाद मात्र एकच. शेवटी सम्राट मरतो आणि मी उठून म्हणतो, ‘सम्राट गेले. आता माझं ऐका.’ तोवर मी गप्प. कर्वेनगरच्या खोलीवर हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की माझा रूम पार्टनर म्हणायला लागला, ‘ऐकतो, पण आधी पंखा लाव.’

सम्राट होता आमचा दिग्दर्शकच, पक्का पेठेतला. तालमीत मी विचारलं, ‘एवढा वेळ बसून मी काय करू?’

‘राज्य कर,’ तो म्हणाला. ‘फक्त कुणाला कळू देऊ नकोस.’

स्पर्धेला लोणी काळभोरहून आई आली, दोन बस बदलून. मला स्टेजवर बोलताना तिला ऐकायचं होतं.

नियम कडक होता. नाटक कुठेही असो, साठाव्या मिनिटाला पडदा. पंचावन्नला विंगेत लाल दिवा लागायचा. तो लागला तेव्हा सम्राटाने मरायला नुकती सुरुवात केली होती. त्यात त्याला टाळी मिळाली. मग काय विचारता! तो उठून बसला, प्रजेला आशीर्वाद दिले, आपल्या घोड्यांची आठवण काढली, खोकला, आडवा झाला, पुन्हा उठला. माझं वाक्य डोळ्यांदेखत हातचं जात होतं. संतापाने माझे कान तापले.

मी उठलो. पलंगापाशी गुडघे टेकले आणि तळहाताने सम्राटाचे डोळे मिटले. हात तसाच दाबून धरला.

‘अरे, अजून अर्धं पान आहे,’ तो हाताखालून कुजबुजला.

मी हात काढला नाही. शेवटी बिचारा मेला.

मी प्रेक्षकांकडे वळलो. ‘सम्राट गेले. आता माझं ऐका.’

‘बोल की बाळा!’ पाचव्या रांगेतून आईचा आवाज आला. ‘त्यासाठीच तर आलीय मी!’

सगळं सभागृह हसलं. पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतंच. पण पडद्याला अजून दोन मिनिटं होती, आणि मी बोलायला लागलो.