वैभवीने तपासलेले गोठ

वैभवीला स्वस्थ बसता येत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो. घरी ती हेच काम फुकट करते. दुधाच्या बाटलीवर तारीख ठसठशीत छापलेली असते, तरी ती दूध हुंगून बघते. दाराला कुलूप लावते, ओढून बघते, गाडीपर्यंत जाते आणि परत येऊन पुन्हा ओढते. मी शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे हा सगळा खेळ मला खिडकीतून दिसतो. कधी कधी तिचा असा राग येतो की विचारू नका, कारण तिला बघितलं की मलाही उठून माझं दार तपासावंसं वाटतं.

तिच्याकडे सोन्याचे दोन गोठ आहेत. पाटल्यांच्या मागे घालायच्या त्या जाड, गोल बांगड्या. लग्नात तिच्या सासूबाईंनी, अनुराधाकाकूंनी, ते तिच्या हातात चढवले होते. काकूंच्याही सासूबाईंचे, इतके जुने. थोरल्या जावेला, सुमेधाला, पाटल्या मिळाल्या. सुमेधा काकूंनी स्वतः बघून आणलेली सून. वैभवीला मात्र वरदनं, तिच्या नवऱ्यानं, आपणच पसंत केलं होतं, आणि काकूंनी होकार द्यायला बरेच महिने लावले होते. ते महिने वैभवी अजून विसरलेली नाही.

या वसंतात आमच्या रस्त्यावर एक घरफोडी झाली. चोरांना आपल्या लोकांच्या घरातलं सोनं बरोबर कळतं, अशी चर्चा सुरू झाली आणि वैभवीचा जीव टांगणीला लागला. गोठ तांदळाच्या डब्यात गेले, तिथून हूवरच्या, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरच्या, पिशवीत, तिथून धुण्याच्या पावडरीत. शेवटी वरद वैतागून म्हणाला, “एवढं टेन्शन घेतेस, पण ते सॉलिड गोल्ड आहेत की नुसते प्लेटेड, हे तरी चेक केलंयस का?” तो बोलला आणि क्रिकेट खेळायला निघून गेला. हिच्या डोक्यात किडा सोडून.

मग काय विचारता! आधी फ्रिजवरचं मॅग्नेट लावून झालं. गोठ चिकटले नाहीत, पण पितळही चिकटत नाही, म्हणून समाधान नाही. भिंग घेऊन हॉलमार्क शोधला. तो नव्हताच. जुन्या दागिन्यावर कुठून असणार? मी तिला कडा दाखवल्या. इतक्या वर्षांत घासून घासून त्या गुळगुळीत झाल्या होत्या, तरी रंग तोच पिवळाधमक. “मुलामा असता तर इथे उडाला नसता का गं?” मी म्हटलं.

“देविका, दॅट्स नॉट प्रूफ,” ती म्हणाली.

प्रूफसाठी तिनं किचनमधला वजनकाटा काढला. गोठ आधी कोरडे तोलले, मग दोऱ्यानं पाण्यात सोडून तोलले, आणि फोनवर आकडेमोड केली. सोन्याच्या मानानं ते फारच हलके निघाले. पितळेपेक्षाही हलके.

“पितळसुद्धा नाही?” तिचा चेहरा उतरला. “मला काहीतरी फालतू मेटल दिलंय त्यांनी. सुमेधाच्या पाटल्या सॉलिड आहेत, मी हातात घेऊन बघितल्यात.”

“काकूंना फोन करून विचार की. रोज तर बोलतेस.”

“काय विचारू? आई, तुम्ही मला खोटं सोनं घातलंत का?”

तिचंही खरं होतं. आपल्याकडे सासूला गुडघेदुखी विचारता येते, बीपी विचारता येतं, पण दिलेल्या दागिन्याचा कस कोण विचारणार? त्यामुळे ती रोज फोनवर गोड बोलायची आणि फोन ठेवला की घरभर येरझारा घालायची. वरदशी धड बोलेना. सुमेधाचा फोटो दिसला की तोंड फिरवायची.

शेवटी एका शनिवारी दुपारी तिनं गॅस पेटवला. खरं सोनं आगीत काळं पडत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. मी नको नको म्हणत होते, तोवर चिमट्यातला गोठ आचेवर गेलाही. आधी नुसता धूर आला. मग सांध्यातून तपकिरी, चिकट रस फुगत बाहेर आला आणि शेगडीवर टपटप गळला. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. वैभवीनं गोठ सिंकमध्ये टाकला, तेव्हा तो एका बाजूनं चेपलेला होता.

“ग्लू आहे आत,” ती म्हणाली. “बघितलंस? ग्लू!” आणि तिथेच खाली बसून ती लहान मुलीसारखी रडली. मलाही तेव्हा काकूंचा संताप आला, हे कबूल केलं पाहिजे.

गौरी-गणपतीला काकू आल्या. गौरी जेवायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. वैभवी नऊवारी नेसून पुरण वाटत होती. काकूंनी तिच्या हातांकडे बघितलं. “गोठ कुठायत? आज सुनेचे हात मोकळे नकोत, बाई.”

वैभवीनं आतून डबी आणली आणि ओट्यावर आपटली. “हे घ्या. मी सगळ्या टेस्ट केल्यात, आई. हे प्लेटेड आहेत.”

काकूंनी चेपलेला गोठ उचलला. फुटलेल्या सांध्यात नख घातलं, निघालेला तपकिरी कण बोटावर घेतला आणि वास घेतला.

“अगं, ही लाख,” त्या हळूच म्हणाल्या. “वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरायची. म्हणजे चेपत नाहीत, आणि रोज घातले तरी जड होत नाहीत. आमच्याकडचे जुने गोठ असेच. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

गॅसवरची कढी उतू जायला आली, ती मीच उतरवली.

“आणि पाटल्या?” वैभवीनं विचारलं. तिला राहवलंच नाही.

“त्या भरीव आहेत. म्हणून तर जन्मभर लॉकरमध्ये राहिल्या. हे रोज माझ्या हातात असायचे. लग्नात तुझ्यासाठी काढताना साबण लावावा लागला होता.” त्यांनी वैभवीकडे बघितलं. “सोनं तपासलंस, त्याचं काही नाही. पण मला का नाही विचारलंस गं?”

वैभवीनं पुरणाचे हात पदराला पुसले. “भीती वाटली. तुम्ही हो म्हणाल म्हणून.”

काकूंनी धड गोठ तिच्या हातात चढवला. चेपलेलाही चढवायला गेल्या, पण तो अंगठ्याच्या हाडावर अडला. वैभवी म्हणाली, “थांबा, आई,” आणि सिंकजवळचा साबण घेऊन आली.