वडिलांच्या घड्याळावरचे दोन बाण

मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला आहे, हे पृथ्वीवर एकट्या कावळ्याला कळतं. कावळ्यानं स्वतः असा दावा कधी केलेला नाही. पण कल्याणच्या खाडीकाठी दहाव्याला जमलेल्या मंडळींपुढे त्याचं काही चालत नाही.

वडील गेले तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि मी डोंबिवलीच्या शाळेत शिकवत होतो. पिंड मांडला, पण कावळे समोरच्या चिंचेवर बसून राहिले. आईला सांभाळीन, म्हणालो. ढिम्म. धाकटीचं लग्न करून देईन, म्हणालो. तरी ढिम्म. मग मामांनी सूत्रं हाती घेतली. मामा उन्हासाठी छत्री धरून पिंडाच्या अगदी शेजारी उभे होते, आणि चार माणसं समोर दिसली की त्यांना भाषण सुचत असे.

"दाजी," मामा पिंडाला म्हणाले, "साहेबानं स्वतःच्या मनगटावरून काढून दिलेलं तुमचं घड्याळ चिरंजीव प्राणापलीकडे जपतील!"

ही साहेबाची गोष्ट मामांची. ठाण्याच्या कचेरीतला कुणी साहेब लढाईच्या आधी विलायतेला परत गेला, जाताना वडिलांना घड्याळ देऊन गेला, वडिलांनी ते पेटीत जपलं आणि लढाई संपल्यावर वापरायला काढलं, असं ते प्रत्येक लग्नामुंजीत सांगत. वडिलांनी ही गोष्ट खरी आहे असं कधी म्हटलं नाही, खोटी आहे असंही नाही. आईनं विचारलं तेव्हा "मिळालं" एवढंच म्हणाले होते. मेहुण्याशी वाद घालायला वेळ लागतो, आणि त्यांचं घड्याळ आधीच मागं पडत असे.

ऊन चढत होतं. मामा साहेबाच्या स्वभावाचं वर्णन करू लागले. मी वैतागून म्हणालो, "ज्याचं असेल त्याला देऊन टाकू ते घड्याळ!" मामांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि ते बाजूला झाले. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. मामांनीही.

मी घरी पोचायच्या आत ही बातमी आईपाशी पोचली होती. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"म्हणजे ते यांचं नव्हतं?"

"अगं, कावळा आहे तो. त्याला काय कळतंय?"

"तू म्हणालास आणि तो शिवला. उगीच?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "लढाईत हे फौजेच्या कॅम्पातल्या स्टोअरला होते. उचललं तर नसेल ना रे?"

वडिलांनी कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नव्हती. हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी तिनं घड्याळ देवापुढून उचललं आणि काड्यापेटीशेजारी ठेवलं.

मी ते कल्याणच्या बाजारात घड्याळजीकडे नेलं. काळी तबकडी, अंधारात चमकणारे आकडे. पाठीवर एक बाण, आणि त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा बाण.

"फौजेसाठी केलेलं आहे. लढाईतलं," तो भिंग न काढता म्हणाला. "त्याआधीचं नाही."

म्हणजे घड्याळ जन्माला यायच्या आधीच मामांचा साहेब बोटीत बसला होता.

"आणि बाण?"

"सरकारी माल."

"पण दोन आहेत."

"मग जास्तच सरकारी." घड्याळ परत देताना तो म्हणाला, "कुठून आलं ते मी विचारत नाही, मास्तर."

विचारलं असतं तर बरं झालं असतं. बाणांचं मी घरी सांगणार नव्हतो, पण आईनं घड्याळ उलटं करून पाहिलंच. समाचाराला येणाऱ्यांना ती वडिलांच्या गोष्टी सांगत असे. त्या बंद झाल्या. कुणी "फार सरळ माणूस हो" म्हटलं, की ती चहा ठेवायला उठायची.

शेवटी मी ठाण्याला गेलो. वडिलांबरोबर स्टोअरमध्ये असलेले एक गृहस्थ तिथं राहत. त्यांनी घड्याळाची पाठ पाहिली आणि आत हाक मारली, "अगं, बादली आण."

"कपडे भिजत घातलेत तिच्यात."

"मग कपड्यांसकट आण."

बादलीच्या कडेला तेच दोन बाण होते, टोकाला टोक लावून.

"एक बाण सरकारचा," ते म्हणाले. "सरकारनं माल विकला की दुसरा उलटा मारायचे. म्हणजे सरकारचा हक्क संपला. लढाईनंतर कॅम्पातला उरलेला माल लिलावात निघाला. मी बादली घेतली, तुझ्या वडिलांनी हे. मागं पडतं म्हणून कुणी हात लावीना. मी म्हटलंसुद्धा, अहो, बादली घ्या, निदान ती गळत नाही."

आईला हे सांगितलं की ती सुटेल, असं मला वाटलं होतं. तिनं घड्याळ हातात घेतलं आणि पदरानं पाठ पुसत राहिली.

"विकत घेतलेलं?"

"हो."

"यांचंच?"

"हो, आई."

मग ती रडली. वडील गेले त्या दिवशीही इतकी रडली नव्हती.

"दुसऱ्या कुणी यांच्याबद्दल असं म्हटलं असतं, तर मी त्याला उंबऱ्यात उभं केलं नसतं," ती म्हणाली. "आणि मीच..." मग डोळे टिपून म्हणाली, "यांना कळलं असतं तर रागावले नसते रे. हसले असते."

तिनं घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"ज्याचं त्याला देऊ म्हणालास ना? आता सांग, कुठे नेऊन देऊ?"

घड्याळ देवापुढे परत गेलं. रोज सकाळी ती त्याला किल्ली द्यायची आणि देताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. ते स्तोत्र नव्हतं. वडिलांच्या गोष्टी मात्र तिनं पुन्हा कुणाला सांगितल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाली, "मला आता तो हक्क नाही."

वर्षश्राद्धाला दहाव्याचेच गुरुजी आले होते. जेवण झाल्यावर सुपारी कातरत मला म्हणाले, "तुमच्या दहाव्याला फार खोळंबा झाला. कावळा उघड्या छत्रीला बुजतो. मामांना सांगणार होतो, पण ते बोलत होते."

'ज्याचं असेल त्याला' हे मी म्हणालो, तेव्हा रागाच्या भरात मामांनी छत्री मिटली होती.