किनारीवरचं नाव

ओलं फडकं उचललं आणि मिलचं नाव फडक्याला चिकटून वर आलं. सोनेरी अक्षरं, उलटी. खाली कापडाची किनार कोरी राहिली.

समोर बाकावर खंदारे गुरुजी बसले होते. झरीच्या शाळेतले शिक्षक. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि जावयाच्या सुटाचं कापड त्यांनीच आणलं होतं. सुटाचं कापड कटिंगच्या आधी ओल्या फडक्याखाली इस्त्री करून घ्यावं लागतं, म्हणजे काय आटायचं ते आधीच आटतं. परभणीत मी लग्नाचे कैक सूट शिवले, पण इस्त्रीखाली नाव उठून आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी फडकं त्यांच्यापुढं धरलं. मला वाटलं, फसले बिचारे. आता विकणाऱ्याच्या नावानं शंख करतील. पण गुरुजींनी फडक्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "देवगाव फाट्यावर एक फेरीवाला बसतो. त्यानंच सांगितलं, कापड साधं हाय, नाव तेवढं मोठ्या मिलचं मारलंय. मी जाणूनबुजून घेतलंय, मास्टर."

आजच्या वाचकाला हे थोडं सांगावं लागेल. सत्तरच्या त्या दशकात टेरिकॉटचं, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचं, लय वेड होतं. मोठ्या मिला कापडाच्या किनारीवर आपलं नाव सोनेरी शाईनं उमटवायच्या. एरवी किनार शिलाईत दडून जाते. लग्नाच्या सुटाला मात्र ती राखायची, पँटच्या कमरेला आतून, नाव वाचता येईल अशी. नवऱ्याकडची माणसं पँट उलटी करून ते नाव वाचत. कापड कुणी बोटांनी चाचपत नसे. नाव वाचलं की मंडळी खूश.

"व्याह्यांनी मिलचं नाव सांगून सूट मागितला," गुरुजी म्हणाले. "तेवढी माझी ऐपत न्हाई. साधं कापड दिलं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. तुमच्याकडं खऱ्या मालाच्या चिंध्या असतीलच की. त्यातली एक किनार पँटीला आतून जोडून द्या."

"म्हणजे खोट्या कापडाला खरं नाव?"

"मिलचं काय नुसकान हाय त्यात? मी काय तिचं गिऱ्हाईक न्हवतो. व्याह्यांना नाव पायजे, त्यांना नाव मिळंल. मग फसलं कोण, सांगा बरं."

फळ्यावर गणित सोडवावं तसं त्यांनी मांडलं. "बघू," म्हणालो. ते गेल्यावर चिंध्यांच्या पोत्यात हात घातला. जुळत्या रंगाची एक किनार सापडली, ती बाजूला काढून ठेवली. खरं सांगायचं तर मला त्यात फारसं वावगंही वाटलं नाही. एका पोरीच्या सुखाचा प्रश्न होता आणि मिल माझी कोण लागत होती?

ट्रायलच्या दिवशी, म्हणजे कच्च्या टाक्यांवर कोट अंगावर घालून बघायच्या दिवशी, जावई आला. मिलिंद त्याचं नाव, पाटबंधारे ऑफिसात क्लार्क. गुरुजीही बरोबर होते, पण ते बाहेर सायकलला कुलूप लावत होते. तेवढ्यात मिलिंदनं घाईघाईनं खिशातून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. काळं चकचकीत लेबल. त्यावर हैदराबादच्या एका टेलरचं नाव.

"मास्टर, कोटाला तुमचं लेबल नको. हे लावा."

"कुठून आणलंत?"

"मित्राच्या जुन्या कोटाचं उसवून घेतलं. आमचे साहेब हैदराबादलाच शिवतात. परभणीत शिवलाय म्हणलं की ऑफिसात नाक मुरडायलेत लोक."

माझं टाळकंच सरकलं. "खांदा बसवायचा मी, कॉलर वळवायची मी, आणि नाव लावायचं हैदराबादच्या माणसाचं? त्यानं काय केलं हो? तुमचं माप तरी घेतलंय का त्यानं?"

मिलचं नाव चोरीला गेलं तेव्हा मी "बघू" म्हणालो होतो. आता स्वतःच्या नावावर आलं तेव्हा अंगाची लाही झाली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

गुरुजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खरं तर त्यांना गप्प बसता आलं असतं. जावई स्वतःच खोट्यात आयता सापडला होता. पण ते आत आले.

"जावईबापू, ते लेबल खिशात ठेवा. कापडबी तसलंच हाय."

मग त्यांनी फेरीवाल्यापासून किनारीपर्यंत सगळं सांगितलं. "लग्न विहारात लागायचं, बाबांच्या सुटातल्या फोटोपुढं. त्या सुटाकडं बघून आमी शाळा शिकलो. तिथं असला सूट उभा करायचा म्हणून झोप लागत न्हाई मला."

मिलिंद कानापर्यंत लाल झाला. लेबल उचलून त्यानं खिशात घातलं. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना सांगू नका. ते लय बोलतील तुम्हाला." आणि माझ्याकडं वळून, "मास्टर, ती किनार सापडली का हो?"

म्हणजे आता दोघं एका बाजूला झाले होते.

"सापडली होती, पण लावणार नाही," मी म्हणालो. "हैदराबादही नाही. माझं लेबल लागेल, कारण शिलाई माझी आहे. पटत नसेल तर कापड घेऊन जा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "शिवा," गुरुजी म्हणाले. मिलिंदनं मान हलवली.

पुढचं गुरुजींनी लग्नानंतर येऊन सांगितलं. विहारापुढच्या मांडवात सूट हातात दिला तेव्हा सगळ्यांदेखत व्याह्यांनी पँट उलटी केली. नाव नाही. "किनार कुठाय?" पोरीनं खाली मान घातली. तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "मीच कापायला लावली. कमरेला टोचायली होती."

व्याह्यांनी त्याच्याकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं. मग कोट उलटा करून माझं लेबल वाचलं आणि म्हणाले, "मिलचं नाव कापणारा हा कोण दीडशहाणा? ह्याच्या दुकानाची पायरी पुन्यांदा चढायची न्हाई कुणी."

त्यांच्या घरातून पुन्हा खरंच कुणी आलं नाही. वर्षभरात ते कापड गुडघ्यावर चमकायला लागलं, तेव्हाही मी इस्त्री जास्त मारली म्हणून व्याह्यांनी मलाच नावं ठेवली. मी खुलासा केला नाही. खरं नाव लावलं की शिव्याही त्याच पत्त्यावर येतात, हे धंद्यात पडताना कुणी सांगत नाही.